करोंद बसचा खांब

"अहो, खाली बसतोय तो! धरा! कोणीतरी धरा त्याला!"

ओरडत होते ते आमच्या हिशेब खात्याचे अधिकारी. एरवी सभेत ते हिंदीच बोलत, पण माणूस मूळचा नागपूरचा, घाबरला की मराठीत उतरे. त्यांचा हात भिंतीकडे होता आणि डोळे इतके बाहेर आले होते की खाली बशी धरली असती तर दोन्ही तिच्यात पडले असते. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड होता. त्या उजेडात आमच्या टाउनशिपच्या सात बसच्या आलेखाचे सात निळे खांब उभे होते आणि त्यांतला पहिला, स्टेशन बसचा, आम्हा सगळ्यांच्या देखत नाहीसा झाला होता. क्षणापूर्वी तो चांगला पुरुषभर उंच होता. आता तिथे रेघसुद्धा नव्हती.

"परत दाबा," नगर प्रशासनाचे मोठे साहेब म्हणाले.

मी दाबलं. दुसरा खांब गेला, न्यू मार्केटचा.

समितीतले बाकीचे हसायला लागले. सभा म्हटलं की चहा आणि डुलकी एवढंच ज्यांच्या नशिबी आलं होतं, त्यांना सरकारी खर्चाने जादूचा प्रयोग बघायला मिळत होता. मला हसू येत नव्हतं. सातवा खांब करोंदच्या बसचा होता आणि त्या खांबात माझी बायको बसलेली होती.

आता नीट सांगतो. मी वाढवून सांगतो असा माझ्यावर घरात आणि कारखान्यात दोन्हीकडे आरोप आहे. खरं तर मी पुष्कळ गोष्टी दाबून सांगतो, कारण जशाच्या तशा सांगितल्या तर कोणी विश्वासच ठेवणार नाही.

आमचा कारखाना सरकारी आणि अवाढव्य. एका फाटकातून आत गेलेला माणूस दुसऱ्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्याला एक बढती मिळून गेलेली असे. मी साताऱ्याहून तिथे नोकरीला आलो, नियोजन खात्यात बसलो आणि बरखेड्याला क्वार्टर मिळालं. बायको ग्वाल्हेरची. तिला घरात बसवत नव्हतं, म्हणून तिने शाळेत नोकरी धरली, तीही कुठे, तर करोंदला. म्हणजे आम्ही भोपाळच्या एका टोकाला आणि शाळा पार दुसऱ्या टोकाला, धान्य मंडीच्या पलीकडे. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा केसांत गव्हाचा भुसा असायचा. तो झाडून साठवला असता तर आम्ही एक म्हैस पाळू शकलो असतो.

हे जमत होतं ते टाउनशिपच्या बसमुळे. कारखान्याच्या सात बस रोज सकाळी क्वार्टरांमधून माणसं घेऊन शहरात सात दिशांना जात. कॉलेजची मुलं, शिक्षिका, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं. करोंदची बस सगळ्यात लांब जायची आणि सगळ्यात जास्त भरायची. बायकोच्या शाळेत घंटा झाली की मोठ्या बाई स्वतः फाटकाला कुलूप लावत. बायको कच्ची होती, वर्ष संपताना पक्की व्हायची होती, आणि उशिराच्या खुणा पडल्या की पक्कं होणं संपलं, हे मोठ्या बाईंनी तिला तोंडावर सांगून ठेवलं होतं.

अशात सातपैकी एक बस डेपोत जी बसली ती उठेचना. नवी मिळणार नव्हती. त्यामुळे एक मार्ग बंद करायचा, सगळ्यात कमी सवाऱ्यांचा, म्हणजे कमी प्रवाशांचा, असं ठरलं आणि तो कोणता हे ठरवायला समिती बसली. नियोजन खात्यात संगणकाला न घाबरणारा मी एकटाच, म्हणून आलेख काढायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी येऊन जाहीर केलं की तुझी बस आता माझ्या हातात आहे.

"म्हणजे गेलीच समजा न," बायको म्हणाली.

पहिल्या सभेला मी सोपं काम केलं होतं. डेपोच्या फाइलमध्ये रोजच्या सवाऱ्यांचा तक्ता होता आणि त्यावर आलेख होता. तो उचलला आणि समितीच्या फाइलमध्ये चित्र म्हणून चिकटवला. साहेबांनी चष्मा वर केला.

"हे कधीचं?"

"मागच्या आठवड्यातलं, सर."

"मग आज काय झालं ते कुठाय? हा फोटो आहे. माणूस मेल्यावर भिंतीवर लावतात तसा. मला जिवंत आकडे पाहिजेत." त्यांनी हे हिंदीत सांगितलं, पण इतक्या जोरात की भाषेचा प्रश्नच उरला नाही.

तेव्हापासून मी जिवंत आलेखाच्या मागे लागलो. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं, कॉपी केलं, पेस्ट केलं, झालं. नाही होत. एका फाइलमधला आलेख दुसऱ्या फाइलमध्ये नेला, की तो सासरी आलेल्या मुलीसारखा वागतो. राहतो इथे, दिसतो इथलाच, पण पाणी पितो माहेरच्या विहिरीचं. त्याचे आकडे जुन्या फाइलमध्येच असतात आणि तो लिंकवरून तिकडे बघत असतो. ती वाट मोडली की तो हट्टाला पेटतो. मी आलेख माझ्या संगणकावर जोडला, फाइल फ्लॉपीवर घालून सभागृहात नेली, तर तिथे तो मूळ फाइल सापडत नाही म्हणून अडून बसला, कारण मूळ फाइलची प्रत माझ्या टेबलावरच्या संगणकात राहिली होती. मग प्रतसुद्धा फ्लॉपीवर नेली, तर पत्ता बदलला म्हणून परत अडला. या खटपटीत माझे इतके केस गेले की न्हाव्याने मला महिन्याच्या गिऱ्हाइकांतून काढून टाकलं.

शेवटी मार्ग सापडला. कारखान्यात नुकतंच सगळे संगणक एकमेकांना जोडणारं जाळं आलं होतं. डेपोची मूळ फाइल सगळ्यांना दिसेल अशा सामायिक जागी ठेवायची. ती आणि समितीची फाइल, दोन्ही एकाच वेळी उघडायच्या. आलेख इकडून उचलून तिकडे ठेवायचा, लिंक तशीच राखायची आणि मग दोन्ही जतन करायच्या. पुढे कुठल्याही संगणकावर समितीची फाइल उघडली की ती विचारते, लिंक अपडेट करू का? हो म्हणायचं. त्याच क्षणी आलेख डेपोतले ताजे आकडे ओढून आणतो. मी हे दहा वेळा करून बघितलं. आमच्या खात्यात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते.

एकच भीती होती. डेपोत कोणी फाइलचं नाव बदललं किंवा ती दुसरीकडे हलवली, तर वाट तुटणार. म्हणून मी डेपोत गेलो.

डेपोचे टाइमकीपर म्हणजे बाबूजी. कारखाना उभा राहायच्या आधीपासून ते त्या खुर्चीत बसले असावेत आणि कारखाना नंतर त्यांच्याभोवती बांधला गेला असावा. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक काळा बोर्ड होता, त्यावर पांढऱ्या रंगाने सात घरं आखलेली, प्रत्येक मार्गाला एक. संगणक यायच्या आधी बाबूजी रोजच्या सवाऱ्या खडूने त्यात लिहीत. महिन्याची बेरीज कागदावर मोठ्या ऑफिसला पाठवत, आणि पहिल्या तारखेला उदबत्ती लावून ओल्या फडक्याने अख्खा बोर्ड पुसत. स्टेशनपासून सुरुवात, करोंद शेवटी. संगणक आल्यावर खडू सुटला होता, उदबत्ती सुटली नव्हती.

"बाबूजी," मी म्हटलं, "एक वचन द्या. या फाइलचं नाव बदलायचं नाही. जागा बदलायची नाही. काही झालं तरी."

"को खाँ," बाबूजींनी अस्सल भोपाळी हाक मारली, "ऐसा क्या है इसमें?"

"माझी बायको आहे."

बाबूजींनी मॉनिटरकडे आदराने बघितलं आणि हात वर केला. "नाम वही, जगह वही. ज़बान दे दी, साहब."

माणूस शब्दाचा पक्का. हे मी त्या दिवशी त्यांच्याबद्दल कौतुकाने म्हटलं होतं.

तिकडून मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि छाती काढून सांगितलं, "सर, आता हा आलेख खोटं बोलूच शकत नाही. डेपोत जे आहे तेच भिंतीवर दिसणार." साहेब खूश झाले. सभा महिनाअखेरीला होती, पण त्यांच्याकडे दिल्लीचे पाहुणे आले आणि ती पुढे सरकली. पहिल्या तारखेवर. माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही.

त्या सकाळी बायको बसला निघताना दारात थांबली. "आज नीट सांगा बरं. तुम्ही तर बोलतच राहता आणि मुद्दा तसाच राहून जातो."

"मला बोलावंच लागणार नाही," मी म्हटलं. "खांब बोलणार."

सभेत पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा खांब खरंच बोलले. लिंक अपडेट करू का विचारलं, हो म्हटलं, आणि सात खांब उभे राहिले. करोंदचा सगळ्यात उंच, जवळजवळ पंख्यापर्यंत. मी वळून साहेबांकडे असं बघितलं, जसा काही तो मीच पायाभरणी करून बांधला होता. साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आत्ता या क्षणाचे आकडे?"

"या क्षणाचे, सर."

"परत दाबून दाखवा."

परत दाबलं, आणि स्टेशनचा खांब गेला. तिथे हिशेबवाले ओरडले.

आता साहेबांचं असं होतं, की बटण दिसलं की त्यांना राहवत नसे. लिफ्टमध्ये ते सगळे मजले दाबत असं कारखान्यात बोललं जाई. न्यू मार्केटही गेल्यावर त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि खांब परत यावेत म्हणून दाबायला लागले. ते दाबत, आणि पुढचा खांब पडे. दाबत, पडे. बाबूजींना वीज जायची धास्ती, त्यामुळे एक घर पुसून झालं की ते फाइल जतन करत. त्यामुळे दर अपडेटला एक खांब कमी. पण हे मला तेव्हा कुठे कळत होतं? मला एवढंच दिसत होतं की काहीतरी डावीकडून उजवीकडे खात येतंय आणि उजवीकडच्या टोकाला करोंद आहे.

मी कोपऱ्यातल्या इंटरकॉमवर धाव घेतली. धावताना दोन खुर्च्या आणि एक उपव्यवस्थापक आडवे झाले.

"बाबूजी! तुम्ही तिथे काय करताय?"

"बोर्ड पोंछ रहा हूँ, साहब. आज पहली है न."

"बोर्ड कुठला! फाइल पुसताय तुम्ही! नवीन महिन्याला नवीन फाइल करतात, तुम्हाला शिकवलंय ना?"

"शिकवलं होतं. करणारच होतो." बाबूजी शांतपणे म्हणाले. "पर आपने ज़बान ली थी. नाम वही, जगह वही. अब नई फाइल कैसे बनाऊँ? मागच्या महिन्याची बेरीज कागदावर गेली, काळजी नको. फक्त करोंद राहिलाय."

"करोंदला हात लावू नका!"

"अब तो हो गया, साहब."

मी वळलो. साहेबांनी नेमकं तेव्हाच दाबलं होतं. भिंतीवर आखलेली रिकामी चौकट होती आणि खाली सात नावं. इतकी स्वच्छ भिंत मी त्या ऑफिसात पुन्हा कधी बघितली नाही.

मी धावत टेबलाशी आलो आणि पिशवीतून आदल्या दिवशी छापून घेतलेला आलेख काढला. त्यात सगळे खांब होते, करोंदचा सगळ्यात वर. "सर, हा बघा. हा खरा."

"हे कधीचं?"

"कालचं, सर."

"आज तारीख काय?"

"पहिली."

"म्हणजे हे गेल्या महिन्याचं." त्यांनी कागद उलटा ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. "फोटो नको म्हणून सांगितलं होतं ना? आणि तुम्हीच म्हणाला होता, हा खोटं बोलूच शकत नाही."

मी खूप बोललो. बोर्डाबद्दल बोललो, फडक्याबद्दल बोललो, माहेर आणि विहिरीबद्दलही बोललो असं नंतर लोक सांगत होते. मी बोलत असताना साहेब दाबतच होते, आणि तेवढ्यात हिशेबवाले परत ओरडले, या वेळी आनंदाने. स्टेशनचा खांब उगवला होता!

बाबूजींनी पुसून झाल्यावर त्या सकाळच्या सवाऱ्या भरायला घेतल्या होत्या, त्याच क्रमाने. हा एका सकाळचा आकडा, मूठभर. पण आलेखाला आदल्या महिन्याची आठवण थोडीच असते! जेवढं मिळालं तेवढंच ताणून त्याने तो खांब पार वरपर्यंत नेला. मग न्यू मार्केट. मग पुढचे. एकेक निळा खांब असा डौलात वर येत होता की समितीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी मात्र मोजत होतो, की आता एकच राहिला, आता येईल, आता.

साहेबांनी दाबलं. सहा खांब. परत दाबलं. सहा.

मी इंटरकॉम उचलला. डेपोत घंटी वाजत राहिली. अकरा वाजले होते. अकरा वाजता बाबूजी चहाला उठत, आणि टाउनशिपवर विमान पडलं असतं तरी त्यांनी आधी कप संपवला असता. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि त्या घंटीबरोबर माझ्या डोळ्यांसमोर बायको फाटकापाशी उभी होती, आतून मोठ्या बाई कुलूप लावत होत्या.

"सर, दहा मिनिटं थांबा," मी म्हटलं. "चहा होऊ द्या त्यांचा."

"आमचा झाला," साहेब म्हणाले आणि लघुलेखकाकडे वळले. "बघा, आता चित्र स्पष्ट आहे. सहा मार्ग जिवंत आहेत, एक मेलेला आहे. लिहा, करोंद मार्ग बंद."

लघुलेखकाने माझ्याकडे एकदा बघितलं. तोही बरखेड्याचाच, त्याची भाची त्याच बसने कॉलेजला जायची. पण साहेब सांगतील ते लिहायचं हेच त्याचं काम. त्याने लिहिलं. सही झाली. प्रोजेक्टर बंद झाला आणि भिंत परत पिवळी पडली.

मी तसाच सायकलवर डेपोत गेलो. बाबूजी चहा पिऊन आले होते, मिशी पुसत होते. मॉनिटरवर सात खांब होते. सातवा बाकीच्या सहांच्या डोक्यावरून छताकडे निघाला होता.

"करोंद भर दिया साहब," बाबूजी म्हणाले. "आज तो खड़े-खड़े गए लोग. तुमची बायको पण उभीच होती, ड्रायव्हर सांगत होता."

मी परत साहेबांकडे गेलो. ते जेवायला गेले होते. जेवून आले तेव्हा दिल्लीच्या पाहुण्यांबरोबर होते. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, इतिवृत्तावर सही झालेली आहे, पुढच्या आढाव्यात बघू. पुढचा आढावा कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आलेख बघा म्हणून मी फाइल उघडली, तर त्यांनी हाताने थांबवलं. "नको. त्यात परत काहीतरी बदललेलं असेल."

संध्याकाळी बायको आली. केसांत भुसा, हातात तपासायच्या वह्या. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. खांब पडताना मी खाली बसलो, उगवताना खुर्चीवर चढलो. बाबूजींचा आवाज काढला, साहेबांचा काढला, हिशेबवाल्यांचे डोळे काढून दाखवले. एरवी ती अशा वेळी तोंडाला पदर लावून हसते. आज ती वह्यांना लावलेलं रबर सोडत बसली होती.

"आणि चहानंतर," मी शेवटी म्हटलं, "बाबूजींनी करोंद भरला. सगळ्यात उंच! फाइल उघडली की अजून दिसतो. उद्या मी अर्ज करतो, युनियनला धरतो, वेळ पडली तर दिल्लीला..."

"कधीपासून बंद?"

"सोमवारपासून."

तिने रबर मनगटात अडकवलं आणि पहिली वही उघडली.

"मग गजर साडेचारचा लावा."